मोकाट कुत्र्या-मांजरांचे निर्बीजीकरण : नागपूरपुढील कार्य



मोकाट जनावरांचा विषय निघाला म्हणजे सभेचे चटकन दोन तट पडतात. एका तटाच्या डोळ्यांपुढे कुत्र्याने चावा घेतलेले मूल उभे राहते. दुसऱ्या तटाला पावसात कुडकुडणारे पिल्लू दिसते. पहिला म्हणतो, "ही कुत्री उचलून न्या." दुसरा म्हणतो, "मुक्या जिवाने कोठे जावे?" दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे आणि म्हणूनच हा वाद वर्षानुवर्षे मिटत नाही. मुलाच्या सुरक्षिततेची काळजी आणि जनावराविषयीची कणव यांची एकाच उपायात सांगड घालता येते, हे आता अनेक शहरांच्या अनुभवाने दिसून आले आहे. जनावर पकडावे, शस्त्रक्रियेने त्याची प्रजननक्षमता बंद करावी, रेबीज प्रतिबंधक लस द्यावी आणि ते होते तेथेच परत सोडावे, असा हा उपाय आहे. मात्र तो एका अटीवरच फळ देतो. काम हाती घेतलेली वस्ती पुरती पूर्ण झाली पाहिजे. ही अट का आहे आणि नागपूरसारख्या शहराला ती कशी पाळता येईल, याचा येथे विचार करावयाचा आहे.

प्रश्नाचे स्वरूप

२०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार देशात सुमारे १ कोटी ५३ लक्ष मोकाट कुत्री होती. त्यांपैकी सुमारे १२ लक्ष ७६ हजार एकट्या महाराष्ट्रात होती. २०२४ या वर्षात देशभर श्वानदंशाच्या ३७ लक्षांहून अधिक घटनांची नोंद झाली आणि त्यांत सुमारे ४ लक्ष ८५ हजार घटना महाराष्ट्रातील होत्या. दंशाची प्रत्येक घटना प्राणघातक नसते. परंतु रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की रोगी वाचणे जवळजवळ अशक्य असते. माणसाला होणारा रेबीज बहुतांशी कुत्र्याच्या चाव्यातूनच येतो. जागतिक आरोग्य संघटनेचा भारतातील मृत्यूंचा जुना अंदाज वर्षाला १८ ते २० हजार असा होता. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शास्त्रज्ञांनी अलीकडे केलेल्या पाहणीत तो सुमारे ५,७०० इतका निघाला. अंदाज कोणताही धरला, तरी वेळेवर लस मिळाल्यास टाळता येण्यासारखे हे मृत्यू आहेत, ही गोष्ट मनाला लागल्यावाचून राहत नाही.

नागपूरची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत २४ लक्षांवर गेली होती आणि त्यानंतर शहर चहूबाजूंनी वाढले आहे. वस्ती वाढली की उष्टे-खरकटे वाढते, आणि जेथे खरकटे तेथे कुत्री व मांजरे. मासळीबाजार, मटणाची दुकाने, सावजी भोजनालयांच्या मागील बोळ, मंगल कार्यालयांच्या बाहेरील पत्रावळींचे ढीग, रिकाम्या भूखंडांवर टाकलेला कचरा, ही या जनावरांची अन्नछत्रेच होत. कुत्री रस्त्यावर वावरत असल्याने ती डोळ्यांत भरतात. मांजरे माळ्यावर, कौलांवर आणि गोदामांत राहतात, म्हणून त्यांची संख्या वाढल्याचे उशिरा ध्यानात येते. महाल, इतवारी, गांधीबाग यांसारख्या जुन्या दाट वस्त्यांत एका मांजरीचा गोतावळा वर्षभरात किती फोफावतो, हे तेथील रहिवाशांना वेगळे सांगावे लागणार नाही.

मारून प्रश्न सुटला नाही

मोकाट कुत्री मारून टाकावीत, हा विचार नवा नाही आणि तो करून पाहिलेला नाही असेही नाही. ब्रिटिश अमदानीत मुंबईत कुत्री मारण्यासाठी बक्षीस दिले जात असे. त्या मोहिमेविरुद्ध १८३२ च्या जून महिन्यात पारशी समाजाच्या पुढाकाराने शहरात मोठा उठाव झाला आणि सर्व व्यवहार ठप्प झाले. मद्रास शहरात, म्हणजे आजच्या चेन्नईत, कुत्री मारण्याचे काम महानगरपालिकेने शंभराहून अधिक वर्षे चालविले. वर्षागणिक मारल्या जाणाऱ्या कुत्र्यांची संख्या वाढत गेली, परंतु रस्त्यावरील कुत्री काही संपली नाहीत. मारण्याऐवजी निर्बीजीकरण करावे, ही सूचना तेथील ब्लू क्रॉस या संस्थेने १९६४ सालीच केली होती. ती अमलात येण्यास १९९६ हे वर्ष उजाडावे लागले.

मारण्याचा उपाय फसतो याचे कारण जनावराच्या राहणीत आहे. कुत्र्यांच्या प्रत्येक टोळीचा एक ठरलेला परिसर असतो आणि त्या परिसरात परक्या कुत्र्याला ती सहसा शिरू देत नाही. टोळी नाहीशी केली, पण तेथील अन्न मात्र तसेच राहिले, तर शेजारच्या वस्तीतील कुत्री ती जागा बळकावतात. नवी आलेली कुत्री अनोळखी असतात, लस न दिलेली असतात आणि परिसरासाठी आपसांत भांडत असतात. उरलेल्या माद्यांना भरपूर अन्न मिळते आणि त्यांची अधिक पिल्ले जगतात. पैसा खर्च होतो, क्रौर्य घडते आणि दोन वर्षांत वस्ती पूर्ववत होते. लस दिलेले, शस्त्रक्रिया झालेले कुत्रे आपल्या जागी परत सोडले, तर तेच त्या जागेचा पहारेकरी ठरते.

शस्त्रक्रियेची रीत

कुत्रे पकडण्यासाठी हाताचा किंवा जाळ्याचा उपयोग करावा, लोखंडी चिमटे व तारेचे फास वापरू नयेत, असा नियम आहे. पकडलेल्या प्रत्येक कुत्र्याची जागा, लिंग, रंग व खुणा यांची नोंद घेतली जाते, कारण त्याला नेमक्या त्याच ठिकाणी परत सोडावयाचे असते. शस्त्रक्रियेत मादीचे गर्भाशय व बीजकोश, आणि नराचे वृषण भूल देऊन काढतात. त्याच वेळी रेबीजची लस टोचतात आणि कानाला लहानशी खाच पाडतात. ही खाच म्हणजे त्या जनावराचा दाखलाच होय; ती दुरूनही दिसते आणि तेच कुत्रे पुन्हा पकडण्याचा खटाटोप वाचतो. जखम सुकेपर्यंत काही दिवस देखरेखीखाली ठेवून मग त्याला सोडले जाते. लहान पिल्ले दूध पीत असतील तर त्यांच्या आईला पिल्ले सुटी होईपर्यंत पकडू नये, हे माणुसकीला धरून आहे.

मांजर हाताने धरता येत नाही. त्यासाठी खटक्याचा पिंजरा लागतो. ज्या दिवशी पिंजरा लावावयाचा त्याच्या आदल्या सायंकाळपासून त्या ठिकाणचे खाणे बंद ठेवतात. पिंजऱ्यात सुकट, बोंबील किंवा उकडलेला मासा ठेवला की भुकेले मांजर आत शिरते आणि दार पडते. पिंजऱ्यावर लगेच जाड कापड टाकावे. अंधार झाला की मांजर शांत होते. शस्त्रक्रियेनंतर मांजराच्या कानाचे टोक सरळ कापतात, तीच त्याची खूण. ही सर्व कामे ऐकताना सोपी वाटतात, पण वस्तीतील शेवटची दोन-चार धूर्त मांजरे पकडण्यास पहिल्या दहांपेक्षा अधिक दिवस लागतात, हा सर्वत्र येणारा अनुभव आहे.

सत्तर टक्क्यांचे गणित

आता मूळ मुद्द्याकडे वळू. एक कल्पित उदाहरण घेऊन पाहावे. समजा, एका वस्तीत १०० कुत्री आहेत आणि त्यांत ५० माद्या आहेत. प्रत्येक मादी वर्षातून एकदा विते आणि तिला सरासरी ५ पिल्ले होतात असे धरू. रस्त्यावरील पिल्लांचे हाल फार असतात; वाहनाखाली, आजाराने व उपासमारीने बहुतेक दगावतात. चारांपैकी एकच जगते असे समजू. मोठ्या कुत्र्यांपैकी वर्षाला २० मरतात असेही मानू.

या वस्तीत १० माद्यांवर शस्त्रक्रिया झाली, तर ४० माद्या उरल्या. त्यांना २०० पिल्ले होतील आणि त्यांतील ५० जगतील. मेली २०, आली ५०. म्हणजे एवढा खर्च करूनही वस्तीत ३० कुत्री वाढली. ३० माद्यांवर शस्त्रक्रिया झाली, तर उरलेल्या २० माद्यांची १०० पिल्ले होऊन २५ जगतील. म्हणजे निम्म्याहून अधिक माद्यांचे काम होऊनही कुत्री वाढलीच. ३४ माद्यांवर शस्त्रक्रिया झाली, तर १६ माद्या उरतात. त्यांची ८० पिल्ले आणि जगणारी २०. आता जन्म आणि मृत्यू यांची बरोबरी झाली. चाळीस माद्यांपर्यंत मजल गेली, तर पन्नास पिल्लांपैकी बारा-तेरा जगतील आणि संख्या उतरू लागेल. पन्नासांत चौतीस, म्हणजे सुमारे सत्तर टक्के, ही ती सीमारेषा होय. प्रत्यक्षातील हिशेब इतका सरळ नसतो, आकडे वस्तीवस्तीनुसार बदलतात. पण सीमारेषा असते आणि ती बरीच वर असते, ही गोष्ट बदलत नाही.

या गणितातून दोन गोष्टी निघतात. पहिली म्हणजे माद्यांना अग्रक्रम हवा. दहांपैकी नऊ नरांवर शस्त्रक्रिया केली, तरी उरलेला एक नर अनेक माद्यांना पुरेसा असतो. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. समजा, अशा दहा वस्त्या आहेत आणि वर्षाला शंभरच माद्यांवर शस्त्रक्रिया करण्याची सोय आहे. प्रत्येक वस्तीला दहा-दहा वाटून दिल्या, तर सर्वांना न्याय दिल्याचे समाधान मिळेल, पण दहाही वस्त्यांत कुत्री वाढतील. त्याच शंभर शस्त्रक्रिया तीन वस्त्यांत केल्या, तर त्या तिन्ही वस्त्या सीमारेषेजवळ येऊन ठेपतील आणि पुढील वर्षी थोड्या श्रमात ती ओलांडतील. खर्च तोच, परिणाम मात्र वेगळा. तक्रार येईल तेथे गाडी धाडणे आणि चार कुत्री उचलून आणणे, ही रीत म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

जयपूरचा अनुभव याला पुष्टी देणारा आहे. तेथे १९९४ पासून एका संस्थेने शहराच्या ठरावीक भागात हे काम सातत्याने चालविले. २००२ पर्यंत सुमारे २५ हजार कुत्र्यांवर शस्त्रक्रिया व लसीकरण झाले, पाहणीच्या भागातील ६५ टक्के माद्या निर्बीज झाल्या, कुत्र्यांची संख्या २८ टक्क्यांनी घटली आणि त्या भागात माणसांना होणारा रेबीज थांबला. अठ्ठावीस टक्के हा आकडा डोळे दिपविणारा नाही, आणि त्याला आठ वर्षे लागली. हा उपाय जादूचा नव्हे. तो चिकाटीचा आहे.

लसीच्या बाबतीत शेजारच्या गोव्याचे उदाहरण घेण्यासारखे आहे. तेथे शासन व स्वयंसेवी कार्यकर्ते यांनी मिळून वस्तीमागून वस्ती घेत सत्तर टक्के कुत्र्यांना दरवर्षी लस देण्याचे लक्ष्य ठेवले. शाळांतून मुलांना शिकविले, पिसाळलेल्या कुत्र्याच्या खबरीसाठी दूरध्वनीची सोय केली. २०२१ मध्ये गोवा हे रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून घोषित झाले. लस लवकर गुण देते आणि निर्बीजीकरण उशिरा. म्हणून दोन्ही एकाच वेळी होणे शहाणपणाचे.

भाद्रपदापूर्वी

कुत्र्यांच्या बाबतीत काळवेळेचेही भान ठेवावे लागते. मराठी माणसाला भाद्रपद आणि कुत्री यांचा संबंध सांगावा लागत नाही. पावसाळा सरता सरता रस्त्यावरील माद्या माजावर येतात आणि सुमारे ६३ दिवसांनी, कार्तिक-मार्गशीर्षाच्या थंडीत, पिल्ले दिसू लागतात. यास्तव जे काम आषाढापर्यंत पूर्ण होईल तेच त्या वर्षीच्या पिल्लांना आळा घालील. दिवाळीनंतर केलेल्या शस्त्रक्रिया वाया जात नाहीत, परंतु त्यांचा लाभ पुढील वर्षावर पडतो. निविदा, मंजुरी आणि करारनामे यांतच पावसाळा उलटून गेला, तर एक संपूर्ण वर्ष हातचे जाते. विदर्भाच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास पोहोचतो, म्हणून माघ-फाल्गुनात कामाचा मोठा भाग उरकणे आणि वैशाख-ज्येष्ठात शस्त्रक्रिया झालेल्या जनावरांना कूलर व भरपूर पाणी पुरविणे आवश्यक ठरते.

मांजरांना भाद्रपदाचे बंधन नाही. मांजरी पाच-सहा महिन्यांची झाली की गाभण राहू शकते, सुमारे नऊ आठवड्यांत विते, आणि पिल्ले अंगावर पीत असतानाच पुन्हा गाभण राहू शकते. अनुकूल परिस्थितीत वर्षातून दोन-तीन वेत होतात. म्हणून मांजरांच्या वस्तीत काम सुरू केले की ते काही आठवड्यांच्या आत संपवावे लागते; सहा महिने रेंगाळले तर आरंभी मोजलेल्या मांजरांची नातवंडे शेवटी पकडावी लागतात.

मांजरांच्या वस्तीचे काळजीपूर्वक व्यवस्थापन केले तर काय होते, याची एक चांगली नोंद अमेरिकेतील सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठाच्या आवारातून मिळते. तेथे १९९१ पासून अकरा वर्षांत १५५ मांजरांची एकेक करून नोंद ठेवली गेली. १९९५ नंतर आवारात नवे पिल्लू दिसले नाही. १९९६ मध्ये ६८ मांजरे होती, ती २००२ मध्ये २३ उरली. नोंदलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्या मांजरांना घरे मिळाली, हे या यशाचे एक मोठे कारण होते. याच्या उलट इटलीतील रोम शहराचा धडा आहे. तेथे १९९१ च्या कायद्याने मोकाट मांजरांना संरक्षण मिळाले आणि पुढील दहा वर्षांत सुमारे आठ हजार मांजरांवर शस्त्रक्रिया झाल्या. संख्या घटली खरी, पण अपेक्षेइतकी नाही. कारण लोक घरातील नकोशी मांजरे या वस्त्यांत आणून सोडीत राहिले. पाळीव मांजराची शस्त्रक्रिया न करता तिची पिल्ले पोत्यात घालून बाजारात सोडणारा गृहस्थ, पशुवैद्यकाचे वर्षभराचे श्रम एका फेरीत धुळीस मिळवितो.

आक्षेप आणि उत्तरे

या पद्धतीवर घेतले जाणारे आक्षेप डावलून चालणार नाही. शस्त्रक्रिया झालेले कुत्रेही चावू शकते, हे खरे आहे. परंतु मादीवरून होणारी भांडणे आणि पिल्लांच्या रक्षणासाठी मादीने केलेले हल्ले कमी होतात, आणि लस दिलेल्या कुत्र्याच्या चाव्यातून रेबीज होण्याचा धोका बहुतांशी टळतो. मोकाट मांजरे पक्ष्यांची शिकार करतात, हेही खरे आहे. म्हणून अंबाझरीसारख्या पक्ष्यांच्या आश्रयस्थानांलगत मांजरांना खाऊ घालण्याची ठिकाणे ठेवू नयेत आणि तेथील मांजरांसाठी घरे शोधण्याचा प्रयत्न प्रथम व्हावा. पिसाळलेल्या किंवा असाध्य जखमा झालेल्या जनावराला परत सोडावे, असे तर कोणीच म्हणत नाही.

कायदा आणि न्यायालये

जनावरांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा संसदेने १९६० मध्ये केला आणि त्यानुसार १९६२ मध्ये भारतीय जीवजंतू कल्याण मंडळ स्थापन झाले. या कायद्याखाली २००१ मध्ये श्वान प्रजनन नियंत्रणाचे नियम झाले व २०२३ च्या मार्च महिन्यात त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली. निर्बीजीकरणाची जबाबदारी स्थानिक स्वराज्य संस्थेवर आहे आणि मंडळाची मान्यता असलेल्या संस्थेकडूनच हे काम करून घ्यावे लागते.

नागपूर शहर तर या विषयावरील न्यायालयीन विचारमंथनाचे एक केंद्रच ठरले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये सार्वजनिक ठिकाणी कुत्र्यांना खाऊ घालण्यास मनाई केली आणि ज्यांना खाऊ घालावयाचे आहे त्यांनी ती कुत्री रीतसर दत्तक घ्यावीत असे म्हटले. त्यानंतरच्या महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने दत्तक घेण्याच्या सक्तीबाबत दिलासा दिला आणि खाऊ घालण्याच्या जागा महानगरपालिकेने निश्चित कराव्यात, अशी भूमिका घेतली. पुढे २२ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीसंबंधीच्या आपल्या आधीच्या आदेशात बदल केला. निर्बीजीकरण व लसीकरण झालेली कुत्री मूळ जागी सोडावीत, पिसाळलेली किंवा आक्रमक कुत्री सोडू नयेत आणि प्रत्येक प्रभागात खाऊ घालण्याची जागा नेमून द्यावी, असे त्या आदेशाचे सार होते. प्रकरणाची व्याप्तीही सर्व राज्यांपर्यंत वाढविण्यात आली. ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशाने शाळा, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके व रेल्वे स्थानके यांच्या आवारातील कुत्री हलवून निवाऱ्यात ठेवावीत व तेथे परत सोडू नयेत, असे सांगितले. या सर्व आदेशांतून एक गोष्ट स्पष्ट होते : निर्बीजीकरण व लसीकरण हा पाया कोणीही नाकारलेला नाही.

नागपूरने काय करावे

नागपूर महानगरपालिकेच्या कारभारासाठी शहराचे लक्ष्मीनगर, धरमपेठ, हनुमाननगर, धंतोली, नेहरूनगर, गांधीबाग, सतरंजीपुरा, लकडगंज, आशीनगर व मंगळवारी असे दहा झोन आहेत. वर मांडलेल्या गणिताचा अर्थ असा, की दहाही झोनमध्ये थोडे थोडे काम करण्यापेक्षा एका झोनमधील एकेक प्रभाग पूर्ण करीत पुढे सरकणे हिताचे आहे. नाग नदीचे पात्र, रेल्वेमार्ग, मोठे रस्ते यांसारख्या नैसर्गिक सीमा धरून भाग आखले, तर बाहेरून येणाऱ्या कुत्र्यांनाही थोडा अटकाव होतो. ज्या झोनची पाळी तिसऱ्या वर्षी येणार आहे तेथील लोकप्रतिनिधींना व नागरिकांना धीर धरावा लागेल. तो धीर मिळविणे हेच या कामातील सर्वांत कठीण काम आहे. मांजराच्या गळ्यात घंटा बांधण्याचा प्रसंग तो हाच. मधल्या काळात त्या भागांत लसीकरण व पिसाळलेल्या कुत्र्यांचा बंदोबस्त मात्र चालूच राहिला पाहिजे.

दुसरी बाब देयकांची. शस्त्रक्रिया करणाऱ्या संस्थेला दर जनावरामागे रक्कम मिळत असेल, तर सहज हाती लागणारी जनावरे पकडण्याकडे ओढा असणे स्वाभाविक आहे. काढलेल्या अवयवांची मोजणी करून देयक तपासण्याची पद्धत आहे आणि ती योग्यच आहे. परंतु त्यातून किती शस्त्रक्रिया झाल्या एवढेच कळते, वस्ती पूर्ण झाली की नाही हे कळत नाही. देयकाचा काही भाग वस्तीतील माद्यांच्या टक्केवारीशी जोडला, तर शेवटची चुकार मादी पकडण्यातही संस्थेला गोडी राहील.

ही टक्केवारी मोजण्यास मोठे साधन लागत नाही. पहाटे, रहदारी सुरू होण्यापूर्वी, गल्लीगल्लीतून फिरून किती माद्यांच्या कानाला खाच आहे आणि किती माद्यांच्या नाही, हे दोन रकान्यांत मांडावयाचे. एखाद्या शाळेचे शिक्षक, महाविद्यालयातील राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी किंवा सकाळी फिरावयास जाणारी मंडळी हे काम दोन-तीन दिवसांत करू शकतील. दर सहा महिन्यांनी अशी मोजणी होऊन तिचे आकडे प्रभागात फलकावर लागले, तर तक्रार आणि समर्थन दोन्हींना आधार मिळेल. नागपुरात १९५८ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे आणि २००० पासून महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालयही येथेच आहे. शस्त्रक्रियेचे प्रशिक्षण आणि मोजणीचे शास्त्र या दोन्हींसाठी एवढा मोठा आधार हाताशी असलेली शहरे थोडी आहेत.

तिसरी बाब खाऊ घालणाऱ्यांची. ज्या वृद्ध स्त्रिया, दुकानदार व तरुण मंडळी रोज कुत्र्या-मांजरांना खाऊ घालतात, त्यांच्यावर वस्तीचा रोष असतो. वस्तुतः कोणती मादी नवी आली, कोणती गाभण आहे, कोणते मांजर कोठे निजते, याची खडान्‌खडा माहिती त्यांनाच असते आणि जनावरे त्यांच्याच हाकेला येतात. नेमून दिलेल्या जागी, नेमल्या वेळी, मुलांच्या वाटेपासून दूर त्यांनी खाऊ घालावे आणि पकडण्याच्या दिवशी सहकार्य करावे, असे ठरले तर महिन्याचे काम आठवड्यात होईल. मात्र शस्त्रक्रियेस साहाय्य न करता केवळ खाऊ घालणे ही भूतदया अपुरी आहे. आज घातलेल्या घासातून उद्याची पाच पिल्ले वाढतात आणि त्यांतील चार तडफडून मरतात, हे ध्यानात घेतले पाहिजे.

चौथी बाब कचऱ्याची. भांडेवाडीच्या कचराडेपोपासून घराघरासमोरील पिशवीपर्यंत जेवढे अन्न उघड्यावर पडेल तेवढी जनावरे शहर पोसणारच. मटण व मासळी विक्रेत्यांचा टाकाऊ माल झाकलेल्या पिंपातून उचलला जाणे आणि भोजनालयांनी खरकटे रात्री बोळात न फेकणे, ही निर्बीजीकरणाची दुसरी बाजू होय.

चावा घेतल्यास

हे सारे होईपर्यंत चावे होतच राहणार. म्हणून एक सूचना प्रत्येक घरात माहीत असावी. कुत्रे, मांजर किंवा माकड चावले अथवा त्याने ओरखडले, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. तिखट, चुना, हळद, तेल यांपैकी काहीही लावू नये. त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस घ्यावी आणि पुढील सर्व मात्रा ठरल्या दिवशी पूर्ण कराव्यात. पोटात चौदा इंजेक्शने घेण्याचा काळ मागे पडला आहे. आता दंडाला थोड्याच मात्रा द्याव्या लागतात. खोल जखम असेल, तर लसीबरोबर जखमेभोवती प्रतिद्रव्याचे इंजेक्शनही द्यावे लागते. मुले मार बसेल या भीतीने चावा लपवितात. त्यांना आधीच समजावून सांगितले पाहिजे.

बंधुभगिनींनो, देशाने २०३० पर्यंत कुत्र्यांमुळे होणारा रेबीज हद्दपार करण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. ते गाठण्यास लागणारी लस, शस्त्रक्रियेचे ज्ञान व कायदा या तिन्ही गोष्टी उपलब्ध आहेत. उणीव आहे ती हाती घेतलेली वस्ती पूर्ण केल्याशिवाय पुढे न जाण्याच्या निश्चयाची. येत्या भाद्रपदापूर्वी शहरातील एखाद्या प्रभागात प्रत्येक दहा माद्यांपैकी आठांच्या कानाला खाच दिसली, तर पुढील हिवाळ्यात तेथे पिल्ले कमी दिसतील, आणि शेजारचा प्रभाग आपली पाळी कधी, असे आपण होऊन विचारू लागेल.